प्लेगच्या झोपड्या आणि बिऱ्हाडाचा हिशेब

१८९७ चा साथरोग अधिनियम हा आपल्याकडील अत्यंत आटोपशीर कायद्यांपैकी एक. मूळ कायद्यात कलमे अवघी चार, आणि ती एका पानावर मावतात. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी तो अमलात आला तो मुंबईत सुरू झालेल्या प्लेगसाठी. पुढे सव्वाशे वर्षे तो जवळजवळ तसाच राहिला आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने पुन्हा हाती घेतला तेव्हा अनेकांनी तो पहिल्यांदाच वाचला. त्याच्या दुसऱ्या कलमात दोन गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. संशयित रुग्णांना रुग्णालयात, 'तात्पुरत्या निवाऱ्यात' किंवा अन्य रीतीने वेगळे ठेवण्याचा अधिकार हे कलम सरकारला देते. त्याच कलमात, ह्या सगळ्याचा खर्च कोणी व कसा सोसायचा हे ठरवण्याचा अधिकारही दिलेला आहे आणि त्या खर्चात कंसातल्या चार शब्दांनी नुकसानभरपाईचा उल्लेख येतो: नुकसानभरपाई, काही असल्यास.

तात्पुरता निवारा आणि असल्यास नुकसानभरपाई. ह्या दोन शब्दप्रयोगांच्या मधल्या जागेत एक संपूर्ण संसार असतो. माणूस घरातून उठून तात्पुरत्या निवाऱ्यात जातो तेव्हा त्याच्याबरोबर काय जाते, मागे काय राहते, मागे राहिलेल्याचे काय होते, आणि परत आल्यावर काय सापडते? प्लेगच्या इतिहासात आपण रँड, चापेकर, टिळक, हाफकिन ह्यांच्याविषयी वाचतो, आणि ते वाचायलाच हवे. परंतु बहुसंख्य माणसांना प्लेग आठवत राहिला तो बिऱ्हाड हलवण्याच्या रूपाने. मराठीत ह्यासाठी शब्द फार नेमका आहे. 'बिऱ्हाड' म्हणजे भाड्याची वा तात्पुरती वस्ती, आणि बिऱ्हाड म्हणजे तिथे मांडलेला संसारही. बिऱ्हाड 'करतात', 'मोडतात' आणि 'हलवतात'. विंचवाचे तर पाठीवरच असते. घराला ही क्रियापदे सहजी लागत नाहीत.

पुण्यातली हकिगत परिचित आहे, म्हणून ती थोडक्यात, आणि सामानाच्या बाजूने सांगतो. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकॅसिओ व्हिएगस ह्यांनी मुंबईच्या मांडवी भागातील ताप हा गाठीचा प्लेग असल्याचे जाहीर केले. १८९१ च्या शिरगणतीनुसार ८ लाख २१ हजार वस्तीचे हे शहर पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ अर्धे रिकामे झाले. आगगाडीने, बोटीने, पायी माणसे गावोगाव निघाली आणि त्यांच्यामागून प्लेगही निघाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड ह्यांच्या समितीने (इतर दोघे मेजर पॅजेट आणि सर्जन-कॅप्टन बेव्हरिज) १३ मार्च १८९७ पासून लष्कराच्या मदतीने घरझडती सुरू केली. ती १९ मेपर्यंत चालली. योगायोग असा की, महाराष्ट्रात हाच कायदा पुन्हा लागू झाला तोही १३ मार्च रोजीच, २०२० साली.

झडतीत रुग्ण सापडला की त्याला संगमाजवळच्या रुग्णालयात नेत आणि घरातल्या इतरांना स्वारगेटच्या बाजूच्या विलगीकरण छावणीत. घर रिकामे होई. मग निर्जंतुकीकरणाची तुकडी येई. त्या काळच्या समजुतीनुसार रोगाचे बीज मातीत, ओलीत, अंधारात आणि चिंध्यांत होते. म्हणून जमिनी उकरल्या जात, कौले काढून ऊन आत घेतले जाई, पाऱ्याच्या क्षाराचे पाणी शिंपडून भिंतींना चुना लावला जाई, आणि जुनी अंथरुणे, गोधड्या, कपडे रस्त्यावर काढून जाळले जात. कुठली वस्तू 'चिंधी' आणि कुठली 'चीजवस्तू', हा निवाडा उंबऱ्यावर उभा असलेला सैनिक करी. त्याला मराठी येत नसे आणि त्या घरातील आजीची गोधडी कशाकशाची शिवली आहे हे त्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता. घरातली माणसे छावणीत, दार उघडे, सामान अंगणात. चोरीच्या तक्रारी, देवघरात बूट घेऊन शिरल्याच्या तक्रारी, स्त्रियांच्या अप्रतिष्ठेच्या तक्रारी त्या वेळच्या वृत्तपत्रांत आल्या. पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल जाहीर पत्र लिहिले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सैनिकांच्या वर्तनाविषयी विलायतेत केलेली विधाने त्यांना पुराव्याअभावी ऑगस्टमध्ये माफी मागून परत घ्यावी लागली. मधल्या काळात, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली होती.

ह्या सर्व प्रकरणात 'अब्रू' हा शब्द वारंवार येतो आणि तो योग्यच आहे. मात्र अब्रू आणि सामान ह्या आपण समजतो तितक्या वेगळ्या गोष्टी नव्हेत. ज्या समाजात भांड्यावर नाव घालतात, लग्नात आलेल्या हंड्याकळशीवर देणाऱ्याचे नाव आणि कधी कधी सालही कोरून घेतात, तिथे भांडे रस्त्यावर पडणे म्हणजे नाव रस्त्यावर पडणे. जळालेल्या गोधडीची भरपाई रुपया-आण्यात करता येईलही. कायद्यातला 'असल्यास' हा शब्द मात्र हा सगळाच व्यवहार सरकारच्या मर्जीवर सोडतो.

आता पुणे सोडून वऱ्हाडात येऊ. आजचा महागाव तालुका त्या वेळी पुसद तालुक्यात मोडत असे, आणि पुसद तालुका १९०५ पर्यंत बाशीम, म्हणजे आजच्या वाशीम, जिल्ह्यात होता. १९०५ च्या फेररचनेत तो यवतमाळकडे आला. तोवरच्या 'वणी' जिल्ह्याला यवतमाळ हे नावही त्याच वेळी मिळाले. पूस आणि पैनगंगा ह्या नद्यांचा हा मुलूख रेल्वेपासून दूर होता. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद गाडी सुरू झाली तीही विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि तिचेही रूळ यवतमाळला येऊन थांबले. त्यामुळे इकडे साथ मुंबई-पुण्याइतकी लवकर आली नाही. आधी आला दुष्काळ. १८९९–१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड असा पिळून काढला की, १८९१ मध्ये २८ लाख ९७ हजार असलेली प्रांताची लोकसंख्या १९०१ मध्ये २७ लाख ५४ हजारांवर आली. म्हणजे प्लेग वऱ्हाडच्या गावांत शिरला तो नुकतीच उपासमार पाहिलेल्या घरांत. धान्याचा कण आणि भांड्याचा तुकडा ह्यांची किंमत ह्या माणसांना पुस्तकातून शिकायची नव्हती.

वऱ्हाडच्या लोकस्मृतीत ह्या रोगाची खूण कुठे सापडते, असे विचारले तर पटकन आठवते ते दासगणूंच्या 'गजानन विजय' ग्रंथातले आख्यान: मुंडगावचा पुंडलिक भोकरे शेगावच्या वारीला निघालेला असताना वाटेतच त्याच्या काखेत गाठ येते. पोथी ऐकणाऱ्याला हा प्रसंग चमत्काराचा वाटतो. मला त्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. रोग आला तरी वारी थांबलेली नाही, माणूस वाटेवर आहे. वऱ्हाडच्या प्लेगची ही खरी परिस्थिती होती. सगळे कुठे ना कुठे निघालेले.

खेड्यात प्लेगचा पुकारा करायला डॉक्टर लागत नसे. 'उंदीर पडले' हे दोन शब्द पुरत. आढ्यावरून, कणगीमागून, गोठ्यातून मेलेले उंदीर सापडू लागले की गाव उठे आणि शिवारात जाई. ही रीत सरकारने शिकवलेली नव्हती. उंदीर मेले की घर सोडायचे, हे ज्ञान देशाच्या अनेक भागांत प्लेगच्या आधीच्या साथींपासून चालत आले होते. सरकारी अहवालांनी पुढे त्याला 'गाव रिकामे करणे' असे रुक्ष नाव दिले आणि झडत्या, छावण्या, जाळपोळ ह्या सगळ्यांतून जे साधले नाही ते ह्याने साधते, हे मान्य केले. १८९८ च्या मार्चमध्ये मुंबईत दंगल झाली, हुबळीसारख्या शहरात गाव रिकामे करण्याचा आणि मोठ्या प्रमाणावर हाफकिनची लस टोचण्याचा प्रयोग झाला, आणि सक्तीची धार हळूहळू बोथट होत गेली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनीही लोकांना शहराबाहेर झोपड्यांत हलवण्यावरच भर दिला.

शहरातल्या माणसाला जे वनवासासारखे वाटे ते वऱ्हाडच्या शेतकऱ्याला अगदीच अनोळखी नव्हते. ज्वारी निसवली की जागलीसाठी शेतात मचाण बांधावेच लागे, कापूस वेचणीला आला की बायामाणसे दिवसदिवस शेतात राहत. चार मेढी, वर आडवे बांबू, पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा कुड, त्यावर शेणमातीचा हात आणि माथ्यावर पळसाची पाने किंवा कडबा: दोन दिवसांत झोपडी उभी राही. साथ साधारणतः पावसाळा सरता सरता जोर धरी आणि उन्हाळ्याच्या तापात ओसरे, त्यामुळे झोपडीतले दिवस बरेचसे थंडीचे असत. थंडीत शेतात काम असतेच. संकट मोठे होते, तरी दिवसाचा क्रम अगदीच मोडून पडत नसे. अर्थात हे ज्याचे शेत आहे त्याच्यापुरते.

खरा पेच सामानाचा. बंडी एक, फार तर दोन. तीत काय घालायचे? अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, पाणी भरायचे हंडे, विळा-कोयता, दिवा, देव्हाऱ्यातले देव, लहान मुले आणि म्हातारी माणसे. हे झाले पहिल्या खेपेचे. जाते जड, पण जाते न्यायचे नाही तर दळायचे कशावर? पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ ह्यांचेही तेच. घर म्हणजे किती वजन, हे माणसाला घर सोडतानाच कळते. पितळेची मोठी घंगाळे, लग्नाकार्यातली पातेली, दागिने पुरून ठेवायचे की बरोबर न्यायचे, ह्यावर त्या काळी घरोघर वाद झाले असणार. दाराला कुलूप घातले तरी रिकाम्या गावातले कुलूप म्हणजे चोराला दिलेले आमंत्रण. म्हणून कोणीतरी, बहुधा घरातला एखादा हट्टी म्हातारा, 'मी कुठे येत नाही' म्हणून मागे राही. अशा म्हाताऱ्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

आणि धान्य. हा तर ह्या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. वऱ्हाडात ज्वारी कणगीत असे किंवा जमिनीतल्या पेवात. झोपडीत धान्य न्यावे तर मागोमाग उंदीर येणार. घरीच ठेवावे तर चोर नाहीतर ओल. आणि रोज लागेल तेवढे आणायला गावात जावे तर ज्या घरातून पळ काढला त्याच घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात रोज हात घालायचा. दुष्काळ पाहून आलेला माणूस ह्यांपैकी काय निवडेल? तो गावात जाणार. दिवसा घरी जाऊन रात्री झोपडीत परतणाऱ्यांना रोग गाठतो, हे प्लेगच्या अहवालांत पुन्हा पुन्हा येते. अहवाल लिहिणारा त्याला अडाणीपणा म्हणतो. मला तो पोटाचा हिशेब वाटतो.

ह्या हिशेबाची शास्त्रीय बाजू नंतर उघड झाली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवले की, रोग उंदराकडून माणसाकडे येतो तो उंदरावरच्या पिसवेमुळे. त्याच्यावर बरीच वर्षे कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९०५ च्या सुमारास मुंबईत ग्लेन लिस्टन आणि त्यानंतर प्लेग संशोधन आयोगाने रोगट घरांत गिनीपिग सोडून, पिसवा मोजून ही गोष्ट पक्की केली. उंदीर मेला की पिसू उपाशी पडते, आणि दुसरा उंदीर मिळाला नाही की माणसावर येते. उंदीर पडू लागल्यापासून माणसे आजारी पडेपर्यंत साधारण दहा ते चौदा दिवस जातात. म्हणजे 'उंदीर पडले' म्हणताच गाव सोडणाऱ्या निरक्षर माणसाला निघून जायला बरोबर तेवढाच अवधी मिळत होता, आणि तो त्याचा योग्य उपयोग करत होता. पुण्यातल्या उकरलेल्या जमिनी आणि उघडलेली छपरे ह्यांनी मात्र उंदरांना शेजारच्या घरात पिटाळण्याचे काम केले असणार. गोधड्या जाळण्यात थोडेसे तथ्य होते, कारण पिसू कपड्यांतूनही प्रवास करते. तेवढे श्रेय रँड ह्यांच्या समितीला द्यायला हवे. तथापि ज्या गोधडीला दोन दिवस कडक उन्हात टाकून भागले असते तिची राख करण्यात शास्त्र किती आणि सत्ता किती, हा प्रश्न उरतोच.

तात्पुरते म्हणून उभारलेले काही कायमचे झाले, ह्याचेही एक उदाहरण इथे द्यायला हवे. धोंडो केशव कर्वे ह्यांचा अनाथ बालिकाश्रम प्लेगमुळेच १९०० साली पुणे सोडून हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले ह्यांनी सहा एकर जागा आणि झोपडीसाठी ७५० रुपये दिले होते. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत आणि संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान बरोबर घेऊन चिखलातून पायी हिंगण्याला जात. ती झोपडी आजही जपून ठेवली आहे. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण प्लेगच्या झोपडीत सुरू झाले, ही गोष्ट आपण सांगतो खरी, पण तीत खांद्यावरच्या त्या ओझ्याला फारशी जागा देत नाही. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात त्यांचे पुत्र डॉ. यशवंत ह्यांनी दवाखाना उघडला होता, आणि मुंढव्याच्या महारवस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथवर गेल्याचे सांगतात. शहराने ज्यांना शहराबाहेरच ठेवले होते त्यांच्यासाठी तात्पुरता निवारा कोण बांधणार, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या माळरानावरच्या दवाखान्यात होते.

खेड्यातही हाच प्रश्न होता. गाव शिवारात जाते म्हणजे कोणाच्या शिवारात? ज्याचे शेत आहे तो स्वतःच्या धुऱ्यावर झोपडी घालतो. भूमिहीनाला उरते गायरान. वऱ्हाडच्या महसुली भाषेत 'ई क्लास'. सरकारी छावण्यांतूनही जातवार रांगा पाडल्या जात. गाव उठले तरी गावाची रचना बरोबर उठून जात असे. जे आधीच गावकुसाबाहेर होते ते आणखी बाहेर गेले. अर्थात त्यांचे सामान कमी होते. एका बोचक्यात मावेल एवढेच ज्याचे बिऱ्हाड आहे त्याला काय न्यावे, काय ठेवावे हा पेच पडत नाही. आणि त्याच्या जळालेल्या चिंध्यांची भरपाई मागायला तो जातही नाही.

पुसद-महागावच्या टापूत ह्या यादीत आणखी एक समाज येतो: बंजारा. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारा लदेणीचा व्यापार हा त्यांचा जुना व्यवसाय. संसार गोण्यांत, गोण्या बैलावर, आणि तांडा हेच गाव. रेल्वे आली, मिठावर सरकारी बंधने आली आणि लदेणी संपली. १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. तांडे ह्या डोंगराळ भागात स्थिरावले, शेती करू लागले. ह्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. तरीही कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर वर्ष निघत नाही, म्हणून दसरा-दिवाळीनंतर अनेक तांडे ऊसतोडीला जातात. महागाव तालुक्यातच गुंज येथे साखर कारखाना आहे. पण मुकादमाकडून उचल घेतलेली टोळी त्याच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात, कर्नाटकात, जिकडे तो नेईल तिकडे जाते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', हे ह्या व्यवहारातले मोजमाप. ट्रकमध्ये ज्वारी-बाजरीची पोती, भांडी, पाण्याची पिंपे, चूल पेटवायला सरपण, कोंबड्या, शेळी, मुले. उसाच्या फडाशेजारी बांबूच्या कमानींवर ताडपत्री अन् पाचट टाकून कोपी उभी राहते. पाच-सहा महिने तोच पत्ता.

ही कोपी बांधणीत आणि आकारात प्लेगच्या झोपडीची थेट वारस आहे, फक्त पळसाच्या पानांऐवजी वर प्लॅस्टिक आहे. मार्च २०२० मध्ये सगळा देश घरात बसवला गेला तेव्हा ही माणसे कोपीत होती. साखर अत्यावश्यक वस्तूंत मोडत असल्याने तोड चालूच राहिली. गावोगाव 'घरीच राहा' सांगणाऱ्या रिक्षा फिरत होत्या आणि घर म्हणजे आठ-दहा फुटांची ताडपत्री. अंतर ठेवा म्हणावे तर कोपीला कोपी लागलेली. हात धुवा म्हणावे तर पाणी टँकरचे किंवा फर्लांगभर लांबच्या विहिरीचे. कारखान्यांचे गाळप थांबत गेले तशी बेचैनी वाढली. १७ एप्रिल २०२० रोजी राज्य शासनाने ह्या कामगारांना गावी परतण्याची मुभा दिली. त्या वेळी ३८ कारखान्यांच्या आवारातील निवाऱ्यांत सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार असल्याचे जाहीर झाले होते. प्रत्येकाची व त्याच्या कुटुंबाची वैद्यकीय तपासणी करायची, यादी करायची, गावच्या सरपंचाला आधी कळवायचे, आणि मग वाहन सोडायचे, अशी पद्धत ठरली.

ह्या यादीत माणसे होती, आणि हे १८९७ च्या मानाने बरेच सुधारलेले चित्र होते, हे प्रांजळपणे नोंदवायला हवे. कोणी कोणाची गोधडी जाळली नाही. पण बिऱ्हाडाचा प्रश्न जिथल्या तिथेच होता. तीन महिन्यांचे उरलेले धान्य, बैलगाडीवाल्यांचे बैल आणि त्यांच्या वैरणीची तजवीज, पिंपे, पत्रे, बांबू: हे सगळे ट्रकमध्ये माणसांबरोबरच यायचे, नाहीतर फडावर टाकून यायचे. पुढच्या हंगामात तीच कोपी तिथे सापडेल ह्याची खात्री कोण देणार?

नागपूर–तुळजापूर महामार्ग महागावातून जातो. त्या एप्रिल-मे महिन्यांत ह्या रस्त्याने जे दिसले ते त्या पट्ट्यातल्या कोणालाही विसरता येणार नाही. डोक्यावर बोचके, हातात पाच लिटरचा कॅन, काखेत मूल. पायी जाणाऱ्यांची वस्तूंची निवड निरखण्यासारखी होती. मोबाईल आणि चार्जर सर्वांकडे, भांडे बहुतेकांकडे एकच, आणि तरीही कोणीतरी पंखा घेऊन चाललेला. उन्हाळ्यात, विजेशिवाय, शेकडो किलोमीटर टेबलपंखा वाहून नेणारा माणूस मला प्रथम हास्यास्पद वाटला. नंतर लक्षात आले की, त्याच्या शहरातल्या खोलीत विकत घेतलेली किंमतवान वस्तू ती एकच असावी. १९ मे २०२० रोजी ह्याच महामार्गावर आर्णी तालुक्यातल्या कोळवनजवळ, सोलापूरहून मजुरांना घेऊन नागपूरच्या रेल्वेस्थानकाकडे निघालेल्या बसचा ट्रकशी अपघात होऊन चौघे गेले. बसमधले मजूर झारखंडला घरी निघाले होते.

गावी पोचलेल्यांनाही घर लगेच मिळाले नाही. परतलेल्यांना चौदा दिवस वेगळे ठेवायचे होते. अनेक गावांनी जिल्हा परिषदेची शाळा उघडून दिली, आणि जिथे शाळा पुरली नाही किंवा शाळेलाच विरोध झाला तिथे माणसे आपापल्या शेतातल्या गोठ्यात, मचाणाखाली, आंब्याच्या झाडाखाली राहिली. सव्वाशे वर्षांपूर्वी गाव रोगाला गावात सोडून स्वतः शिवारात जात असे. ह्या वेळी गाव गावातच राहिले आणि रोगाचा संशय तेवढा शिवारात गेला. शिवारात कोणी जायचे, हे मात्र फारसे बदलले नाही. ह्यातली गंमत म्हणावी की काय म्हणावे कळत नाही, पण त्या दिवसांत रूढ झालेला 'क्वारंटाईन' हा शब्द तांड्यावरच्या म्हाताऱ्यांनी आठ दिवसांत 'कारंटीन' करून टाकला, आणि जुन्या मराठी कागदपत्रांतही तो जवळजवळ तसाच सापडतो.

आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी त्या चौदा दिवसांत शेतातल्या झोपडीत होता. आईवडिलांबरोबर फडावरून परतलेला. ऑनलाईन तासाला तो एका उंबराच्या फांदीला फोन बांधून बसे, कारण नेटवर्क तेवढेच. सामान कुठे ठेवलेस, असे मी एकदा सहज विचारले. पोती आणि भांडी धुऱ्यावर उन्हात मांडून ठेवली आहेत, चार दिवसांनी घरी नेणार, असे त्याने सांगितले. कोणी सांगितले होते तसे? 'आजीनं', तो म्हणाला. 'उन्हात टाकल्याबिगर घरात काही घेऊ नका म्हनते.'

त्याच वर्षी साखर हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू करण्याचे ठरले. मजुरी वाढवून मिळावी म्हणून ऊसतोड कामगारांनी संप केला आणि २७ ऑक्टोबरला चौदा टक्के वाढीवर तो मिटला. दिवाळीच्या आधीच तांड्यातून ट्रक निघाले, तीच पोती, तीच पिंपे, आणि ह्या खेपेला एक सॅनिटायझरची बाटली घेऊन.